मोटारसायकलची मुसकी

बारामती एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं आणि शब्बीरभाईंचं भागीदारीत गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र इथंच पडून राहतात. भंगारवालासुद्धा ते नेत नाही! गाडी पळत नाही म्हणून येणारे कमी आणि "जास्त पळतीय, काहीतरी करा" म्हणून येणारेच जास्त, असं आमचं गॅरेज तालुक्यात एकटंच असावं.

याला कारण कळसचे रंगराव आबा.

आबांची रूपाली एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात लागली, पण ट्रायलवर. सकाळची शिफ्ट, सातला गेट बंद. वर्षभर उशीर केला नाही तर परमनंट, नाहीतर घरी. तिनं नवी मोटारसायकल घेतली आणि आबांची झोप उडाली. गाडी घेऊन ते आमच्याकडं आले.

"एकुलती एक लेक हाय, बापू. रस्त्यानं उसाचं ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आन् ही पळवती वाऱ्यावानी. गाडीचा जोर कमी करा."

मी म्हणालो, "आबा, कंपनीची गाडी आहे. जोर कसा कमी करणार?"

"कोळप्याला बैल जुपताना तोंडाला मुसकी बांधतो का न्हाय? तशी बांधा!"

पीक खाऊ नये म्हणून बैलाच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ती मुसकी. शब्बीरभाईंनी जरा डोकं खाजवलं आणि पत्र्याची एक चकती कापली. मधोमध बारीक भोक. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी ती बसवली. आता रेस कितीही पिळा, गाडी ठरावीक वेगाच्या पुढं जाणार नाही. आबा खूश झाले आणि गावभर सांगत सुटले. तेव्हापासून आमच्याकडं या चकतीला सगळे मुसकीच म्हणतात.

*

नाव झालं की नमुने येतात. इंदापूरचे एक गृहस्थ सोळा वर्षांच्या चिरंजिवांसाठी शंभर सीसीची गाडी घेऊन हजर झाले.

"सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, पण पन्नास सीसीच्या आतलं, बिनगिअरचं. तशी गाडी शोरूमला मिळत न्हाय. तुमी मुसकी बांधून हिची पन्नास करून द्या."

शब्बीरभाई म्हणाले, "भाऊ, मुसकी बांधली म्हणून बैलाचं वासरू होत न्हाय! कागदावर शंभर ते शंभरच."

गृहस्थ हटेनात. "बरं, मग निदान गिअर तरी काढा."

"काढतो की! गाडी ठेवून जा. पोरगं अठराचं झालं की न्यायला या!"

*

पळसदेवच्या एका मासेवाल्याचा धाकटा भाऊ गाडीला क्रेट बांधून असा सुटायचा की निम्मे मासे रस्त्यावर. थोरल्यानं मुसकी बांधून नेली. आठवड्यानं परत आला.

"काय झालं? अजून पडतात का मासे?"

"न्हाय, आता एक बी पडत न्हाय. पर भिगवणच्या बाजाराला पोचूस्तवर रस्त्यातली मांजरं गाडीसंगं चालत येत्यात!"

*

एक बाई नवऱ्याची गाडी त्याच्या नकळत घेऊन आल्या आणि मुसकी बसवून गेल्या. नवऱ्याला वाटलं पेट्रोलमध्येच खोट आहे. त्यानं पंप बदलले, ऑइल बदललं, शेवटी आमच्याकडं आला. "इंजिन खोला, पण हिला पळती करा!"

गिऱ्हाईक समोर उभं. शब्बीरभाईंनी गुपचूप चकती काढली. गाडी उधळली! गडी एवढा खूश झाला की आमच्या हाताला गुण आहे म्हणत गेला.

दुसऱ्या दिवशी बाई हजर. "भाऊ, परत बसवा."

"तुम्हाला कसं कळलं काढली ते?"

"घरात बसून तुमचं लई कौतुक करतोय!"

*

सगळ्यात मोठी मजल मात्र इंदापूरकडच्या एका कार्यकर्त्यानं मारली. आईनं त्याच्या गाडीला मुसकी बांधलेली. निवडणुकीची रॅली निघाली. बाकीची पोरं हॉर्न वाजवत, झेंडे फडकवत पुढं निघून गेली. हा बिचारा जीव खाऊन रेस पिळतोय आणि नेत्याच्या जीपशेजारीच! सगळ्या फोटोंत नेता आणि हा.

सभेत नेता म्हणाला, "असा कार्यकर्ता पाहिजे. नेत्याच्या पुढं पळत न्हाय, साथ सोडत न्हाय!"

गडी आज युवक आघाडीचा अध्यक्ष आहे. आम्ही विचारलं, "मुसकी काढायची का आता?"

"खुळे का काय! पुढं जिल्ह्याचं पद हाय!"

*

आता रूपालीचं. मुसकी बसवल्यावर ती रडकुंडीला येऊन गॅरेजात उभी राहिली. "दादा, पहाटं अंधारात निघते, तरी गेट लागता लागता पोचते. एक दिवस चुकलं तर परमनंट विसरा. काढा ती."

मलाच वाईट वाटलं. पण शब्बीरभाईंनी आबांना शब्द दिलेला. "आबांनी बसवलीय, आबाच काढतील." ती गाडीला किक मारून गेली.

चार-सहा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी पुन्हा आली. या वेळी आबांच्या जुन्या गाडीवर.

"आबा रोज माझ्या मागनं गेटपतुर येत्यात. त्यांना वाटतं मला म्हायती न्हाय. दादा, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! समोरची ट्रॉली दिसत न्हाय, आन् माझ्यावर नजर ठेवायला गाडी पळवत्यात. आता सांगा, मुसकीची गरज कुणाला हाय?"

शब्बीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी पान्ह्याकडं. सर्व्हिसिंगच्या नावानं ती आबांची गाडी ठेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर स्वतःची गाडीही घेऊन आली. तिची चकती निघाली आणि आबांच्या गाडीत बसली.

"शब्द मोडला की हो," मी म्हणालो.

"कुठं मोडला? मुसकी हाय तीच हाय. फक्त बैल बदलला!"

पंधरवड्यात आबा दारात. "बापू, मला उलगडा करा. तिची गाडी मुसकी बांधून अशी पळती, आन् माझी मोकळी असून मागं कशी ऱ्हाती?"

मी स्पार्क प्लग पुसायला घेतला. शब्बीरभाई म्हणाले, "आबा, वय झालं."

"कुणाचं?"

"...गाडीचं."

आबा मान हलवत गेले. नंतरही रोज तिच्या मागं जायचेच, पण बैलगाडीच्या बेतानं. ती गेटच्या आत गेलेली असायची, हे वॉचमनला "आली का?" विचारायचे आणि माघारी फिरायचे.

वर्ष सरलं आणि रूपाली परमनंट झाली. आबा पेढे घेऊन आले. दरम्यान त्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. नवा चष्मा, चेहरा उजळलेला. "आता लांबचं बी दिसतं, जवळचं बी दिसतं," म्हणाले. भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, नट-बोल्टचे डबे वाचले. मग निघाले. किक मारली, रेस पिळली, गाडी आपली कुंथत चार पावलं गेली.

माझ्यानं बघवेना. आता दिसतंय माणसाला, पोरीचंही भलं झालं, उगाच का म्हाताऱ्याला रखडवायचं? मी हाक मारली. "आबा, थांबा. पाच मिनिटं गाडी द्या. मोकळी करून देतो."

आबांनी गाडी थांबवली. वळून चष्म्यातून आधी माझ्याकडं पाहिलं, मग शब्बीरभाईंकडं. शब्बीरभाईंच्या तोंडात पेढा तसाच.

"हात लावू नगा," आबा म्हणाले. "लेकीनं बांधलीय."