पाथरीची टर्बो, सेलूचा मिस्त्री आणि माझा फोटो

परभणी जिल्ह्यात जायचं ठरवलं ते, खरं सांगायचं तर, कौतुक करून घ्यायला. माझ्या टर्बो पेट्रोल गाडीला गॅस किट बसवल्यावर मी इथे ब्लॉगवर फोटोंसकट लांबलचक लेख लिहिला होता. त्याखाली पाथरीच्या कांबळे सरांनी, शाळेत विज्ञान शिकवतात ते, लिहिलं होतं की तुमचा लेख दाखवून मी सेलूच्या मिस्त्रीकडून माझीही टर्बो गाडी गॅसवर करून घेतली, एकदा बघायला या. वर्षभर मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत होते. शेवटी निघाले.

संभाजीनगरहून सकाळी साडेसहाला. गॅसची टाकी जालन्यातच भरून घ्या, पुढे मला पंप दिसला नाही. वाटूर फाट्यापर्यंत रस्ता झकास. तिथे चहा आणि गरम भजी, चाळीस रुपयांत पोट भरतं. परतूरनंतर खड्डे आणि कापसाचे टेम्पो, त्यामुळे वेळ हातात ठेवा. गाडी मस्त ओढत होती आणि मी मनात पुढचा लेखसुद्धा लिहायला घेतला होता.

सेलू ओलांडून दुपारी पाथरीत पोचले. सरांच्या घरी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि घाम फोडणारा ठेचा. जेवण झाल्यावर मी गाडीचा विषय काढला तेव्हा सर जरा घुटमळले. गाडी ताडपत्रीखाली उभी होती. चार महिने चांगली चालली, मग घरची माणसं भरून अंबाजोगाईचा घाट चढताना बसली. इंजिनाचं हेड उघडलं तर एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, दोन वॉल्व्ह जळालेले. मिस्त्री गफारभाईंनी ते फुकट दुरुस्त करून दिलं, पण सरांचा भरवसा उडाला. गाडी तशीच उभी ठेवली, त्यांच्याकडे पुन्हा नेली नाही, आणि नेऊ नका असं ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं.

"तुमचा लेख बरोबरच हाय, मॅडम," सर म्हणाले. "करणाराचा हात कच्चा."

मी मान डोलावली. वर दिलासा दिला की उद्या जाताना मी स्वतः बघते त्यानं काय घोळ घातलाय. आता हे लिहितानाही कान गरम होतात. देवस्थानाला येणाऱ्या भाविकांमुळे पाथरीत राहायची सोय बरी आहे, मला आठशेत स्वच्छ खोली मिळाली आणि झोपही छान लागली.

सकाळी सेलूला गफारभाईंचं गॅरेज शोधलं. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. माझं नाव ऐकताच त्यांनी खुर्ची पुसून दिली. भिंतीवर माझ्या लेखातला इंजिनाचा फोटो प्लास्टिकमध्ये घालून लावलेला होता, प्रत्येक नळीवर पेनानं आकडे घातलेले. आता गॅसचं काम कोणी आणत नाही, म्हणाले, साधी पेट्रोलची गाडीसुद्धा लोक दुसरीकडं न्यायलेत. तक्रारीचा सूर नव्हता. मग त्यांनी फोटोतल्या एका बारीक काळ्या नळीवर बोट ठेवलं.

"मी हुबेहूब तुमच्या फोटोपरमानं केलं, ताई. ह्ये तोंड तुमच्यात उघडं हाय, मंग मी बी उघडंच ठेवलं. लय डोकं लावलं, पण चुकलं कुठं ते कळंना. तुमी सांगा."

मी वाकून बघितलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. हवेचा दाब वाढला की गॅसचाही वाढायला हवा, आणि ती खबर गॅसचा दाब ठरवणाऱ्या रिड्यूसरला देते ती हीच नळी. ती इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडावीच लागते. नाही जोडली, तर चढावर हवेच्या मानानं गॅस कमी पडतो, आच वाढते आणि आत वॉल्व्ह जळतात. माझ्या गाडीत ती जोडलेली आहे. फोटोत नाही, कारण फोटो मी काम अर्धवट असताना काढला. पूर्ण झाल्यावर नळ्यांचा गुंता दिसत होता, हा मोकळा, देखणा दिसला, म्हणून हाच टाकला. खाली एक ओळसुद्धा लिहिली नाही.

हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं होतं. आणि मी म्हणाले, "ट्यूनिंगमध्ये फरक पडला असेल."

गफारभाईंनी "असंल" म्हणून मान हलवली. मी निघाले तेव्हा त्यांनी रस्त्यावर येऊन मला गाडी वळवून दिली.

परतीच्या रस्त्याचं मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, काही बघितलंच नाही. घरी येऊन आधी सरांना फोन केला, कारण ते सोपं वाटलं. सगळं सांगितलं. सर म्हणाले, तुमचं मन मोठं हाय मॅडम, त्या मिस्त्रीला वाचवायला सोताच्या अंगावर घ्यायलाव. आणि सांगायची लाज वाटते, पण क्षणभर मला ते ऐकून बरं वाटलं.

मग गफारभाईंना. मी माफी मागितली, जुना लेख दुरुस्त करते म्हणाले, फोटो बदलते म्हणाले.

"ते करा," ते म्हणाले. "पण नाव माझं इथं गेलंय, ताई. इथं येऊन सांगा."

फोटो बदललाय. तुम्ही तो जुना फोटो दाखवून कुठे काम करून घेतलं असेल, तर गाडी आजच उभी करा आणि ती नळी आधी बघा. मी शनिवारी सेलूला जातेय. सरांना गॅरेजवरच बोलावलंय, आणि ज्यांना ज्यांना त्यांनी सांगितलं होतं त्यांनाही घेऊन या म्हटलंय.