दोन वर्षांचं एक्स्टेन्शन

"पार्ट टू झालं काय?"

आमच्या दुकानात कोणी कसलीही बातमी आणली, की हवालदार साहेबांचा हा प्रश्न ठरलेला. माझ्या नणंदेचं लग्न जमलं तेव्हा त्यांनी तो विचारला, समोरच्या पोहेवाल्याला मुलगी झाली तेव्हाही विचारला. तुमच्या शेजारी कोणी फौजी राहत असेल तर तुम्हाला याचा अर्थ ठाऊक असेल. जवानाच्या घरी लग्न होवो, बाळंतपण होवो की मयत, पलटणीच्या ऑफिसातून त्याचा हुकूम निघावा लागतो. तो हा पार्ट टू. तो निघेपर्यंत फौजेच्या लेखी काही घडलेलंच नसतं. साहेब सबंध नोकरीभर पलटणीत क्लार्क होते, त्यामुळे लोकांच्या घरी काय घडलं आणि काय नाही, हे त्यांच्या टेबलावर ठरत असे.

नागपूरच्या सदर भागातल्या एका बोळात माझं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, पेन्शनचे दाखले, वीजबिल, म्हणाल ते. साहेब एकदा स्वतःचं काम घेऊन आले आणि मग रोजच येऊ लागले. दाराजवळचं स्टूल त्यांचं झालं. मी काही त्यांना आवतण दिलं नव्हतं. कागद हातात आला की ते त्याच्या कडा काउंटरवर ठोकत. "कागद पहिले सावधान झाला पाहिजे वं बाई," म्हणत. मग चष्मा, मग वाचन, आणि तोवर मागे रांग. पण फौजी गिऱ्हाइकं त्यांच्यामुळेच येत, म्हणून मी जीभ आवरत असे. कोणाला जयहिंद, कोणाला जयभीम, असं करत ते बसल्या जागेवरून सगळ्यांची चौकशी करायचे. संध्याकाळी शटर ओढायला घेतलं की मात्र त्यांना उठायला फार वेळ लागे.

एकदा खापरखेड्याचा एक जवान सुटीवर आला होता. सोबत बायको, तिच्या कडेवर पोर. बायकोचं दवाखान्याचं कार्ड काढायचं होतं. साहेबांनी त्याचे कागद ठोकले, पाहिले, पुन्हा पाहिले.

"तू तर कुवारा हायेस गा अजून."

लग्नाचं पार्ट टू करायचं गडी विसरला होता. तो खाली बघू लागला.

"कुवारा?" बायको म्हणाली. "मंग हे कोणाचं?"

"आता आपण सारे मिळून फौजेले पटवू," साहेब म्हणाले, आणि सुट्ट्या पैशांऐवजी द्यायला ठेवलेलं माझं चॉकलेट त्यांनी परस्पर त्या पोराला दिलं.

त्या दिवशी स्वारी खुशीत होती. मला चहासुद्धा पाजला, जे सहसा घडत नसे. "कागदावर माणूस चढवाचं काम मले आवडते," ते म्हणाले. "कमी कराचं नाही आवडत."

त्यांच्याकडे सगळ्यात जास्त येत ते नोकरीची मुदत संपत आलेले. अशा वेळी फौज विचारते, अजून दोन वर्षं थांबायची इच्छा आहे की नाही, आणि सही घेते. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. एकदा सही केली की ती फिरवणं महाकठीण. हिंगण्याचा एक नायक याच पेचात सापडून आला. दोन वर्षं थांबला तर बढती मिळून हवालदार होण्याची आशा होती.

"काय करू साहेब?"

"घरची काय म्हणते?"

"ते म्हणते, पुरे झालं, आता या."

"मंग मले काहून विचारून राहिला?"

नायक गेल्यावर साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग आपणहून सांगू लागले. त्यांची बायकोही अगदी हेच म्हणाली होती. पण हवालदार म्हणून घरी यायचं आणि नायब सुभेदार म्हणून यायचं यात फरक असतो. त्यांनी थांबतो म्हणून सही केली. रँक काही आली नाही. एक्स्टेन्शन संपवून ते मानकापूरच्या घरी आले, तर बायको अंथरुणाला लागलेली.

"मले कळवलं नाही तिनं. म्हणे, तुमचा जीव कशाले तिकडं टांगणीले लावू."

दोघांनी मिळून एकच दिवाळी केली. त्यानंतर ती गेली. मूलबाळ नव्हतं.

"दोन वर्षं मी भलत्यालेच देल्ले, बाई."

मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत बसले. फार वाईट वाटलं मला.

दर नोव्हेंबरात त्यांचा हयातीचा दाखला मीच काढायची. मशीनवर बोट टेकवायचं आणि ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची.

"पुन्हा नोकरी केली का?"

"तुह्या दुकानात. बिनपगारी."

"पुन्हा लग्न?"

"पहिलंच चालू हाये."

मला वाटायचं, गंमत करतात. एका वर्षी त्यांची माहिती उघडली तर कुटुंबाच्या रकान्यात बायकोचं नाव तसंच. मयत झाल्याची नोंदच नाही. मी नियमाची बाई. म्हटलं, "साऱ्या नागपूरले पार्ट टू विचारता, अन् स्वतःचं? दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता करून देते."

ते हसले नाहीत.

"लोकायच्या कितीक बायका मी दोन ओळीत कमी केल्या. तिच्या नावावर हात चालत नाही." मग म्हणाले, "मी तिले एक्स्टेन्शन देल्लं हाये. दोन वर्षाचं. मंजूर करणारा मीच."

त्यात कोणाचं काही नुकसान नव्हतं. मी तो विषय पुन्हा काढला नाही. मुदत भरत आली की तेच दिवाळीच्या सुमारास स्टुलावरून सांगत, "अजून दोन वर्षं मंजूर केले, बाई." मी म्हणे, "बरं साहेब." गेल्या दिवाळीतही असंच म्हणाले होते.

यंदाच्या उन्हाळ्यात साहेब गेले. झोपेतच. दारातला पेपर तसाच पडलेला पाहून शेजाऱ्यांनी दार उघडलं. वर्ध्याचा पुतण्या आला, त्याने सगळं केलं, बँकेत कळवलं. मला इतरांसारखंच उशिरा समजलं; उन्हामुळे येत नसतील असं मी धरून चालले होते.

परवा तो पुतण्या दुकानात आला. हातात फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र, साहेबांच्या बायकोच्या नावचं. आपल्या पतीच्या निधनाचं दुःख झालं, आपली पेन्शन सुरू करण्यासाठी फोटो आणि कागद पाठवावेत, आपण एकट्या नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"काकी जाऊन किती वर्षं झाले, अन् हे तिलेच बलावून राहिले," तो म्हणाला. "हे नाव कमी करून टाका ताई. किती वेळ लागते?"

"दोन मिनिटं."

मी पत्र पुन्हा वाचलं. इतकी वर्षं साहेब इथे एकटे होते आणि कागदावर दोघं होती. आता कागदावर त्या एकट्या राहिल्या होत्या. माझा हात कीबोर्डवर होता, पण चालेना. मी पत्राच्या कडा काउंटरवर ठोकल्या आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

"पुढच्या वर्षी दिवाळीनंतर या," मी म्हणाले. "साहेबांनी तोवर मंजूर करून ठेवलं आहे."