मधपेटीला जळकं ऑइल

कांद्याचं बियाणं धरायचं तर रानात मधमाश्या लागतात. त्या फिरल्या नाहीत तर गोंडे फुलतात, पण दाणा भरत नाही. त्या वर्षी घोड नदीकाठच्या आमच्या रानात गोंडे पांढरे झाले आणि माश्या दिसेनात. वडिलांनी दौंडकडच्या एका मधपाळाकडे माश्यांची वसाहत सांगून ठेवली आणि गावातल्या सुताराकडून पेटी करून घेतली. अवकाळीचे दिवस होते. पेटीत पाणी मुरू नये म्हणून लाकडाला काय लावायचं, यावर घरात बरंच बोलणं झालं.

शिरूरच्या दुकानदाराने ऑइलपेंट दाखवला. शिक्रापूरला फर्निचरच्या कारखान्यात असलेल्या माझ्या मित्राने पॉलिश सुचवलं. मी चार ठिकाणी वाचून जवसाचं तेल सांगितलं: फक्त बाहेरून लावायचं, आणि वास जाईपर्यंत पेटी उन्हात ठेवायची. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावलं. आमच्याकडे गोठ्याच्या दारापासून कुंपणाच्या खांबांपर्यंत लाकूड म्हणून जे आहे, त्याला तेच लागतं. पेटीला त्यांनी ते आतूनही लावलं. मी हरकत घेतली.

"वाळवी काय बाहेरूनच खाती व्हय?" वडील म्हणाले.

मधपाळाने माश्या त्याच्या पेटीतून पाठवल्या. आमच्या पेटीत त्या वडिलांनी स्वतः हलवल्या. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सगळ्या बाहेर आल्या, थोडा वेळ बाभळीला लटकल्या आणि बांधापलीकडे गेल्या. तिथे वडिलांच्या चुलतभावाची डाळिंबाची बाग आहे. त्याच्याकडे मेणाची जुनी पोळी असलेली एक रिकामी पेटी पडून होती. तिच्या लाकडाला कधी काही लावलेलं नव्हतं. वरून खताची गोणी बांधली होती. माश्या तिच्यात शिरल्या.

चुलतभाऊ डाळिंबावर सकाळी फवारा मारायचा, आणि माश्या सकाळीच बाहेर पडतात. फवाऱ्यात त्या मेल्या तर आमचं बियाणं गेलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडिलांचं आणि त्याचं बोलणं बंद होतं. वडिलांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मला घेऊन ते बांध ओलांडून गेले आणि पेटीकडे बघत उभे राहिले.

"या दादा," चुलतभाऊ म्हणाला. "ऱ्हायला माझ्याकडं आल्यात, जेवाय तुमच्याकडंच जात्यात. काळजी करू नगा."

वडिलांनी ऑइलचा विषय काढला नाही. त्यानेही विचारलं नाही, पण आमची पेटी गावात बऱ्याच जणांनी हुंगून पाहिली होती.

"फवारा सांजच्याला मारत जा," वडील म्हणाले. "गोंडं हायती तवर."

त्याने गोणपाट झटकून खाली टाकलं. वडील बसले. मग बराच वेळ डाळिंबाच्या भावाबद्दल बोलणं झालं. त्या हंगामात पलीकडचा फवाऱ्याचा पंप ऊन उतरल्यावरच सुरू व्हायचा, आणि आमच्या गोंड्यांत दाणा भरला.