गिरणीच्या पाटीवरचा नंबर

आमच्या आईचा फोन नंबर शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीला पाठ आहे. वडील गेल्यावर तिने पिठाची गिरणी स्वतः चालवायला घेतली, पाटी नव्याने रंगवून घेतली आणि रंगाऱ्याला बजावलं, "नंबर मोठ्ठा काढ. म्हातारीला बी दिसला पायजे." त्याने तो इतका मोठा काढला की गिरणीचं नाव कोपऱ्यात जाऊन बसलं. तेव्हापासून कुणाचं पार्सल असो नाहीतर गॅसचं सिलिंडर, लोक बिनदिक्कत तोच नंबर देतात. आई करवादते, "मी काय टपाल हाय का?" आणि पिठाचे हात पदराला पुसत निरोप सांगायला जाते.

मी तेव्हा सात रस्ता चौकाजवळच्या एका कचेरीत कंत्राटावर होते. सरकारने एका प्रकल्पाला निधी दिला होता. फौजदारी खटल्यांतले आरोपी तारखेला हजर राहत नाहीत, मग वॉरंट निघतं, पोलिस दारात येतात आणि साध्या मारामारीतला माणूसही कोठडीत जातो. लोक का येत नाहीत, हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. जो तो आपल्या अंदाजाने बोलायचा आणि त्या अंदाजावर नियम निघायचे. आता नीट माहिती गोळा करायची आणि तिच्यावरून धोरण ठरवायचं, असं ठरलं होतं. तारखेआधी आरोपीच्या फोनवर संदेश पाठवायचा आणि तो आला की नाही, ते कोर्टात बसून नोंदवायचं, हे माझं काम.

आमचे साहेब पुण्याचे. भला माणूस, पण आकड्यांवर पोटच्या पोरासारखं प्रेम. त्यांचा एकच नियम होता: आपण मोजायचं, मध्ये पडायचं नाही. मध्ये पडलो तर संदेशामुळे माणूस आला की आपल्यामुळे, ते कळणार कसं? मला ते पटलंही होतं.

एका दुपारी संगणकाने काही ओळी लाल केल्या. वेगवेगळ्या आरोपींपुढे एकच नंबर. साहेब म्हणाले, "हा एजंट दिसतोय कुणीतरी. काढून टाका सगळे."

मी नंबर वाचला आणि म्हणाले, "साहेब, एजंट नाही. ही माझी आई आहे."

साहेबांनी चष्मा काढला. मी त्यांना पाटीची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता नावं वाचत गेले. सगळी आमच्या गल्लीतली. शेवटच्या नावावर मला हसूच फुटलं. ती आमच्या समोरच्या घरातली मानलेली मावशी होती, आणि तिच्याविरुद्धची फिर्याद माझ्याच आईने दिली होती!

भांडण पाण्याचं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा गल्लीत लगीनघाई असते. त्या पहाटे आईने नळाला मोटर लावली आणि समोरचा नळ कोरडा पडला. मावशी कळशी घेऊनच आली. शब्दाने शब्द वाढला, मावशी रागात तेलुगूवर गेली, आणि कळशी आईच्या कपाळावर बसली. टाके पडले. आई तशीच रक्ताच्या पदराने पोलिसांत गेली. तिथे मावशीला फोन नंबर विचारला. ती फोन वापरत नाही. तिला एकच नंबर पाठ होता, आणि तिने तोच सांगितला. जिचं डोकं फोडलं, तिचाच!

साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे नंबर राहू देत. बघू तरी काय होतं. पण घरी एक अक्षर बोलायचं नाही."

पुढची नोंद वाचल्यावर माझं हसू मावळलं. आमचे संदेश सुरू होण्याआधीच्या दोन्ही तारखांना मावशी गैरहजर. येत्या सोमवारीही आली नाही तर वॉरंट. आई गिरणीत अडकलेली असायची तेव्हा माझ्या शाळेच्या वेण्या याच मावशीने घातल्या होत्या, ओढून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली असती तर ती शरमेने पुन्हा बाहेर पडली नसती. माझा खूप जीव आहे तिच्यावर. आणि मला तोंड उघडायची बंदी.

संदेश आला तेव्हा आई भाकरी थापत होती. मी ताटात मान घालून बसले. तिने चष्मा लावून वाचलं आणि भडकली, "हिची तारीख माज्या फोनवर कशी? येऊ देत पोलिस. कळू दे जरा."

भाकरी करपली. आमच्या घरात हे क्वचित होतं.

भांडणानंतर दोघींचं बोलणं बंद होतं. पण आमच्या गल्लीत बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. बोलायचं असतंच, फक्त तिसऱ्या कुणाला तरी सांगायचं असतं. थोड्या वेळाने आई दारात गेली आणि पायरीवरच्या मांजराला सात रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मांजरा, सोमवारी कोर्टात तारीख हाय म्हणं कुणाची तरी. न्हाय गेली तर वॉरंट! आपल्याला काय करायचंय?"

समोर मावशी अंगण झाडत होती. तिने खराट्याला सांगितलं, "जाऊन काय उपेग? तितं कोण इचारतंय!"

सोमवारी मी कोर्टाच्या व्हरांड्यात टॅब घेऊन बसले. थोड्या वेळाने रिक्षातून मावशी उतरली. आणि त्याच रिक्षाच्या दुसऱ्या बाजूने आई! सीटवर दोघींच्या मध्ये पिशवी ठेवलेली. फिर्यादीला त्या दिवशी बोलावलंही नव्हतं. पण आई गिरणी बंद ठेवून आली होती आणि मावशीच्या समोरच्या बाकावर पाठ फिरवून बसली.

शिपायाने दारात येऊन मावशीच्या नावाचा पुकारा केला. व्हरांड्यात बाजार भरल्यासारखा कलकलाट होता. मावशी पदराचा सुटलेला धागा ओढत शांत बसली होती.

शिपायाने पुन्हा पुकारलं. तिने वरही पाहिलं नाही.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मावशीचा उभा जन्म यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेला. त्या खडखडाटात तिचे कान गेले. गल्लीत सगळे तिच्याशी ओरडूनच बोलतात, ती मात्र कबूल करत नाही. फोनही ती म्हणूनच ठेवत नाही. म्हणजे मागच्या दोन्ही तारखांना ती इथे येऊन बसली होती, कुणी बोलावलं नाही म्हणून घरी गेली होती, आणि कागदावर मात्र ती गैरहजर होती.

शिपाई तिसऱ्यांदा ओरडला. गेला खड्ड्यात तो नियम, असं म्हणत मी टॅब खाली ठेवला. पण मी उठेपर्यंत आईने मावशीचा दंड धरला होता.

"अगं ऊठ की! तुला बोलावत्यात!" तोच मांजराचा आवाज. अख्खा व्हरांडा चिडीचूप झाला.

मी मागोमाग आत गेले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मागच्या तारखांना का आला नाहीत?" आईने तो प्रश्न मावशीच्या कानाशी पुन्हा ओरडून सांगितला.

"आलते की सायेब. हितंच बसलते दिवसभर. कुणी बोलावलंच न्हाय."

"तिला ऐकू येत न्हाय, सायेब," आई म्हणाली. "कबूल करत न्हाय, पर न्हाय येत."

मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की कळशी हातात असती तर पुन्हा बसली असती.

"तुम्ही यांच्या कोण? नातेवाईक?"

"न्हाय, सायेब. फिर्यादी." आईने कपाळ पुढे केलं. "हे बघा की. हिनंच फोडलंय."

न्यायाधीशबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना फार कष्ट पडले. वॉरंट निघालं नाही. तडजोड करायची असेल तर दोघींनी पुढच्या तारखेला एकत्र या, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "हजर राहण्याच्या कारणात तुम्ही 'फिर्यादीने आणलं' असं लिहिलंय. वकिलाने म्हणायचंय ना?"

"नाही साहेब. फिर्यादीनेच."

मी सगळं सांगितलं. त्यांनी फोनवरच ती नोंद पुन्हा मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "म्हणजे गैरहजर म्हणून आपण जे मोजत होतो, त्यात दाराशी बसलेले किती असतील?" निधी वाढवून मागायच्या प्रस्तावात त्यांनी व्हरांड्यात नावं दाखवणारा फलक आधी घातला, आपले संगणक नंतर.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. आई मोटरची पिन हातात घेऊन दारात उभी होती, लावली मात्र नव्हती.

"भरलं का गं तुजं?" तिने समोर पाहून हाक मारली.

मांजर तेव्हा आत चुलीपाशी झोपलं होतं.