काटकोन मास्तरांचा कोट

गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान असलेल्या मास्तरांना सगळे काटकोन म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तीस वर्षं मशीनवर वाकून पाठीला असा काही बाक आला होता, की माप घेताना मास्तर गिऱ्हाइकाच्या बेंबीशीच बोलायचे.

पाठ ठणकली की मास्तर गोळी घ्यायचे. गोळीने पोटात आग पडली की तिच्यावर दुसरी गोळी. टाचण्यांच्या डबीत टाचण्या कमी आणि गोळ्या जास्त झाल्या, तेव्हा बायकोने त्यांना हाताला धरून व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाठ तपासली, गोळ्या बंद केल्या आणि व्यायामाचा कागद हातात ठेवला.

"व्यायाम? आणि मी?" मास्तर म्हणाले. बायकोने नुसतं बघितलं. विषय मिटला.

दुकानात जमिनीवर पाय ठेवायची सोय नाही, सगळ्या टाचण्या. म्हणून व्यायाम कापड बेतायच्या टेबलावर! उताणं पडून कंबर वर उचलायची, मग ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करायची. बायको काजं करता करता मोठ्याने आकडे मोजायची. एकदा एकजण पँट न्यायला आला, तेव्हा मास्तरांची कंबर हवेत.

"झालीय पँट," मास्तर तिथूनच म्हणाले, "माझ्याखालीच आहे. जरा थांबा, सातच झालेत."

सहा महिन्यांत ठणका गेला आणि मास्तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलू लागले. इथवर सगळं छान. पण कोटाचं काय?

तर कोटाचं असं. ज्यांनी मास्तरांच्या हातात कात्री दिली, ते थोरले मास्तर जन्मभर एकच सांगत आले, "पुढचं ठीक. पाठ काही तुला जमत नाही." हे मास्तरांच्या फार जिव्हारी लागलेलं. शेवटी थोरल्यांनी अट घातली, "स्वतःच्या पाठीवर कोट बसवून दाखव, मग मानीन." मास्तरांनी बायकोकडून मापं घेववली आणि पाठीला कापड जास्त, पुढून आखूड, असा कोट शिवला, की घातल्यावर बाक दिसेनासा झाला. पण तेवढ्यात थोरले मुलीकडे राहायला गेले आणि कोट कव्हरात जाऊन बसला. व्यायाम सुरू झाला तो त्यानंतर. पाठ सरळ झाली तर कोटाचं काय, हे एवढ्या मोठ्या कारागिराच्या डोक्यात आलं नाही, बघा!

थोरले परत आले, त्या सकाळी मास्तरांनी कोट चढवला. पाठीवर हा भला मोठा फुगा, आणि पुढून कोट पोटावर चढलेला.

"वाटोळं केलं या व्यायामाने!" मास्तर ओरडले. मग हळूच पूर्वीसारखे वाकले. कोट झकास बसला.

"खबरदार वाकलात तर!" बायको कडाडली. "आकडे मोजून मोजून माझा घसा बसलाय."

इतक्यात थोरले दारात. मास्तर वाकूनच पुढे झाले.

"सरळ उभा राहा," थोरले म्हणाले.

मास्तर सरळ झाले. फुगा आला. थोरल्यांनी तो चिमटीत धरला, मान हलवली आणि पाठ फिरवली. "नाहीच जमली."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं 'जमली' या एका शब्दासाठी! पण पाणी पुसता पुसता त्यांना समोरची पाठ दिसली. साठ वर्षं मशीनवर वाकलेली. तोच बाक, तेच खांदे. मास्तरांनी कोट उतरवला.

"मास्तर, जरा हात घाला बाहीत."

थोरल्यांनी कुरकुरत हात घातले. दोन आरशांमध्ये उभे राहून पुढून बघितलं, मागून बघितलं, पुन्हा मागून बघितलं.

"जमली रे," ते म्हणाले.

मास्तरांनी कोट त्यांनाच दिला, आणि खिशात व्यायामाचा कागदही सरकवला. थोरल्यांनी तो उघडून वाचला आणि टेबलावर आपटला. "वेडा आहेस का? हे करून कोट बिघडवू?"

गेले. ते गेल्यावर कागद मात्र टेबलावर दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. थोरल्यांना धाप लागलेली.

"अरे, ते मांजर करताना श्वास कधी सोडायचा?"

मास्तरांनी सांगितलं.

"बरं. आणि कोट पुढून खाली सोडायला आत दुमडून कापड किती ठेवलंयस?"

"चांगलं चार बोटं, मास्तर," मास्तर म्हणाले. "खुशाल सरळ व्हा."