सई जेवत नाही

नवरा वारल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि चार वर्षांची सई. हल्ली ती जेवतच नाही. वरणभात कालवून दिला, धिरडी केली, गोष्टी सांगितल्या, शेवटी तिच्यापुढे हात जोडले. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मग तिच्या मनगटाची हाडं का दिसू लागली?

काल दुपारी जेवताना तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिने पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तसाच ताटात ठेवला. घोटभर पाणी प्यायली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "नको वाटतंय गं."

शेजारच्या काकू जेवायचा आग्रह करतात तेव्हा मी त्यांना अगदी असंच म्हणते. ते पाणी पिणं, ते खिडकीकडे बघणंही माझंच होतं. मुलं ऐकत नाहीत म्हणतो आपण, पण ती आपल्याला सारखी बघत असतात, आपल्या दुःखासकट.

माझंही ताट भरलेलंच होतं. मी मोठा घास तोंडात कोंबला. तो घशाखाली उतरेना. सई ताटातला तुकडा पुन्हा उचलून हातात धरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी चावत राहिले.