सात सुटलेले ठिपके

ताई जाऊन अडीच महिने झाले. तिच्याविषयी लिहायला बसतो आणि दिवसाला चार-पाच ओळींपुढे सरकत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांचं लिहिलेलं जपण्यात आयुष्य गेलं, स्वतःचं लिहायची सवय नाही. पण गणपतीतली ती एक सकाळ मला लिहायचीच आहे.

ताई शाळेत चित्रकला शिकवायची. आम्ही अजून रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो, ताई नुकतीच नोकरीला लागली होती, तेव्हा शेजारचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकाका निवृत्त होऊन जाताना तिला जॅझच्या कॅसेटींचा डबा देऊन गेले. घरात दुसऱ्या कुणालाच ते संगीत कळलं नाही. आई म्हणायची, "हे वाजवून राहिले का भांडून राहिले गं?"

पुढे रायपुरात, चौबे कॉलोनीतल्या घरी, मागच्या खोलीत, ताई त्या कॅसेटी लावून चित्रं काढू लागली. पद्धत मात्र आईकडून आलेली. प्लायवूडवर आधी रांगोळीसारखे ठिपके, सारख्या अंतरावर, तो ताल. मग ट्रम्पेट सुरू झाला की ब्रश उचलायचा आणि रेघ ठिपक्यावरून न नेता दोन ठिपक्यांच्या मधून न्यायची. "बघ, ठोक्याच्या आधीच आला," असं पुटपुटत. काही ठिपके ती मुद्दाम मोकळे सोडायची, जवळून रेघच जाऊ न देता. तिथे वाजवणारा श्वास घेतो, म्हणायची.

राज्य तेव्हा नवीन होतं, रायपूर त्याची नवी राजधानी. रायपुरात रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीची पाटी बदलत होती आणि नव्या इमारतींच्या भिंती कोऱ्या होत्या. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरे. त्या वर्षी नव्या विश्रामगृहासाठी चित्र निवडायला एक सरकारी अधिकारी तिथे येणार होते. ताई पन्नाशीला टेकली होती, आणि सगळे तिला रांगोळी छान काढणारी बाई म्हणूनच ओळखत. "एक तरी चित्र, चित्र म्हणून भिंतीवर लागावं," एवढंच ती मला म्हणाली. दाराएवढं ते चित्र आम्ही आदल्या संध्याकाळी बूढापाऱ्यातल्या मंडळाच्या सभागृहात नेऊन उभं केलं.

सकाळी गेलो तर मोकळे ठेवलेले सातही ठिपके कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटने जोडून टाकले होते. जाड, ठसठशीत रेघा.

मंडळाचं मखर दरवर्षी रंगवणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या काकू कौतुकाने पुढे आल्या. "अवं, सात ठिपके सुटले होते तुझे! म्हटलं, पोट्टी घाईत विसरली असंल. मखराचा रंग उरला होता, देल्ले जोडून."

ताई खुर्ची ओढून चित्रासमोर बसली. अधिकारी अकराला येणार होते. पुसायला टर्पेंटाइन आणू का, मी विचारलं.

"वाळलाय रंग. घरून टेपरेकॉर्डर आण. आणि रंगांची पेटी."

मी स्कूटरवर जाऊन आलो. तिने कॅसेटची एक अख्खी बाजू नुसती ऐकली. काकू एव्हाना रडकुंडीला आल्या होत्या. "मले काय माहीत गं! बोलत काहून नाहीस?"

"काकू, पहिली रेघ कुठून काढली?"

"हे डावीकडून. वरून."

ताईने कॅसेट उलटली आणि काकूंच्या रेघेला टेकून एक लाल रेघ खाली सोडली. मग ब्रश काकूंपुढे धरला. "आता तुमची पाळी."

"मले नाही जमत बाई."

"काल तर न विचारता जमलं!"

सगळ्या बायका हसल्या. काकूंनी पदर खोचला. एक रेघ त्यांची, एक ताईची. मध्येच काकू थांबून कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "थांब, आत्ता नको, त्याले येऊ दे." ताईने चमकून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मला जे ऐकू आलं नव्हतं, ते काकूंना तासाभरात ऐकू आलं होतं. पांढऱ्या रेघा आता चुकीच्या दिसत नव्हत्या. कुणीतरी विचारावं आणि कुणीतरी उत्तर द्यावं, तसं चित्र हलायला लागलं होतं.

अधिकारी आले. मान वाकडी करून बघत राहिले. "दीदी, ये है क्या?"

ताईच्या आधी काकूच बोलल्या. "बाजा है साहब. कान लगाके देखो."

टेप चालूच होता. ते खरंच कान देऊन उभे राहिले. मग सोबतच्या माणसाला म्हणाले, "यही जाएगा. आज ही पहुंचा दीजिए, कल उद्घाटन है." कलाकाराचं नाव विचारलं तेव्हा ताईने दोन नावं सांगितली.

रंग ओला, म्हणून विश्रामगृहाकडे नेताना चित्र आडवं ठेवता येईना. सायकलरिक्षात ते उभं धरून एका बाजूला ताई बसली, दुसऱ्या बाजूला काकू. मी मागून स्कूटरवर. गोल बाजारात गर्दीने रिक्षा अडली. गणपतीचा देखावाच निघालाय असं समजून भांड्यांच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "कौन से गणेश की झांकी है, दीदी?"

"झांकी नहीं, चित्र है!" काकू त्याच्याहून मोठ्याने ओरडल्या. "हटो, हटो, रंग ओला है!"

लोक खरंच बाजूला झाले. ताईने मान ताठ केली, आणि रिक्षा पुढे निघाली.